जुनं रुंद करायचं की नवं बांधायचं?

सांगलीत ट्रेलरच्या धंद्यात आम्हाला हा प्रश्न पडतोच: जुन्या गाडीला एक्सल वाढवायचे की नवी काढायची? समुद्रातून अवजड माल नेणाऱ्या डॉकवाइज कंपनीनं दोन्ही केलं.

‘ब्लू मार्लिन’ जहाज 42 मीटर रुंद होतं, ते 63 मीटर केलं. लगेच 2004 मध्ये त्याच्या पाठीवरून सुमारे 60 हजार टनांचा ‘थंडर हॉर्स’ तेल-प्लॅटफॉर्म कोरियाहून अमेरिकेला गेला. क्रेन लागतच नाही. टाक्यांत पाणी घेऊन डेक बुडवायचा, माल तरंगत त्यावर आणायचा, मग पाणी उपसलं की जहाज माल घेऊनच वर येतं. आयर्विन पुलावरून कृष्णेचा पूर पाहिलेल्या माणसाला पाण्याची ही ताकद वेगळी सांगायला नको.

‘व्हॅनगार्ड’ मात्र नवं बांधलं: 275 मीटर लांब, 70 मीटर रुंद, पेलायची क्षमता 1 लाख 10 हजार टन. नाक नाहीच, केबिन एका कडेला. त्यामुळे माल पुढे-मागे बाहेर आला तरी चालतो. जुनं रुंद करून हे साधलं नसतं. पण एवढं धूड बिनकामाचं उभं राहिलं तर हप्ते थांबत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्यावर माल मावतोय तोवर जुनंच वाढवावं.