घारापुरी: लाँचच्या वेळापत्रकावर चालणारा बाजार

मुंबईजवळच्या घारापुरी (एलिफंटा) बेटाविषयी लिहिणारे बहुतेक जण तेथील लेण्यांतल्या त्रिमूर्ती शिल्पापाशीच रेंगाळतात, आणि १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या लेण्यांचा तो मानच आहे. प्रस्तुत परीक्षण मात्र त्या लेण्यांकडे नेणाऱ्या सुमारे १२० पायऱ्यांच्या दुतर्फा, ताडपत्रीच्या सावलीत भरणाऱ्या बाजाराचे आणि त्याला मिळणाऱ्या नागरी सुविधांचे आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या पायऱ्यांवर चालतो. त्यामुळे बेटाच्या अर्थकारणाविषयी त्यांचे मत सरकारी अहवालापेक्षा अधिक नेमके असते.

विजेबद्दल विक्रेत्यांची तक्रार जवळजवळ नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून येथे वीज आणली गेली. तोपर्यंत डिझेल जनरेटरवर संध्याकाळचे जेमतेम तीन तास दिवे लागत. आता शीतपेटीत थंड पाणी राहते, मासळी टिकते, मोबाइल चार्ज राहत असल्यामुळे क्यूआर कोडवर पैसे घेता येतात. ही सुविधा उशिरा आली तरी उत्तम आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र वीज आल्याने व्यापाराचा दिवस लांबला नाही. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही आणि परतीच्या शेवटच्या लाँचा सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सुटतात, त्यामुळे दिवे लागण्याच्या वेळी गिऱ्हाईकच उरलेले नसते. सोमवारी लेणी बंद असल्याने तो दिवस जवळपास कोरडा जातो, पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्याच थांबतात, आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला दिलेल्या धडकेनंतर तर या जलप्रवासाच्या सुरक्षिततेचा प्रश्नच ऐरणीवर आला. बेटाचे उत्पन्न वाढेल की घटेल, हे विचारले की येथला विक्रेता आधी लाँचचे बोलतो, ते यामुळेच. मुंबईत रेडिओ क्लबजवळ होऊ घातलेल्या नव्या जेट्टीकडेही तो याच हिशेबाने पाहतो: चढणे-उतरणे सोपे झाले तर वृद्ध पर्यटक वाढतील, पण फेऱ्यांच्या वेळा त्याच राहिल्या तर गर्दी फक्त दुपारीच वाढेल. मला ही शंका रास्त वाटते.

लेण्यांभोवतीच्या पहिल्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच शक्य असल्याने कायम स्वरूपाचे गाळे उभारणे अवघड आहे. वारशाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु त्याचा भार ज्यांच्यावर पडतो, त्यांच्यासाठी निदान टापटीप, एकसारखे छत आणि पुरेशी स्वच्छतागृहे यांची व्यवस्था करणे अशक्य नव्हते. आरोग्यसेवेबाबत तर गंभीर दुखण्यात उरण किंवा मुंबई गाठण्यासाठी बोटीवाचून पर्याय नाही.

ग्राहक म्हणून सांगायचे तर माळा, दगडी हत्ती, टोप्या यांतील बराचसा माल बाहेरून आलेला असतो आणि त्यावर घासाघीस अपेक्षितच असते. मीठ-तिखट लावलेली कैरी, काकडी आणि जेवणातील ताजी मासळी यांवर पैसे खर्च करणे अधिक समाधानाचे. दर मुंबईपेक्षा चढे वाटतात. पण गॅसच्या टाकीपासून तांदळाच्या पोत्यापर्यंत सारे काही पाण्यावरून आणावे लागते, हे ध्यानात घेता ते अवाजवी म्हणता येणार नाहीत. खाद्यपदार्थ हातात उघडे धरू नयेत, माकडे पायऱ्यांवर टपलेलीच असतात. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, पायऱ्यांसाठी डोलीवालेही मिळतात; डोलीचा दर मात्र बसण्याआधीच ठरवून घ्यावा. बाजार निवांत पाहायचा असेल तर सकाळची पहिली लाँच पकडावी.