डबा कंपनीचा, माल दोन नंबरचा : पिकअपचे बॉल जॉइंट बदलताना झालेली फसवणूक

ज्यांची पिकअप दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि जे आता पुढच्या चाकांचं काम काढणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोलापुरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानाने आणि त्यानेच सुचवलेल्या गॅरेजने मिळून मला बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे पुढचं चाक गाडीला जोडणाऱ्या गोळा-वाटीच्या सांध्यात, फसवलं. दुकानाचं नाव इथे देत नाही, तक्रार चालू आहे. पण फसवायची पद्धत सगळ्यांना कळायलाच हवी, कारण हा भाग एकदा बसला की मालकाला तो दिसत नाही, आणि तुटला तर चाक गाडीखाली दुमडतं. माझी गाडी धाकटा भाऊ चालवतो. भरलेला कांदा घेऊन तो रात्री विजापूर रोडने येत असतो. त्या गाडीखाली काय बसवलं होतं ते पाहिलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

आधी गाडीबद्दल. सगळ्या पिकअपना बॉल जॉइंट नसतात. पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे असतील, तर तिथे किंगपिन असते, म्हणजे चाक वळायला आधार देणारी जाड खीळ. माझ्या गाडीला पुढे वर-खाली दोन आर्म (चाक धरणारे लोखंडी हात) आणि टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वरचा एक आणि खालचा एक, असे चार बॉल जॉइंट. टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला असल्याने गाडीच्या तोंडाचा सगळा भार खालच्या जॉइंटवर येतो. वरचा फक्त चाकाला सरळ धरतो. त्यामुळे खालचा आधी झिजतो. त्यात आमच्याकडे ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांनी गावाकडचे रस्ते उखडलेले असतात, आणि आमचं रोजचं जाणं-येणं शेतातून बाजार समितीपर्यंत त्याच रस्त्यांनी.

खड्ड्यात खटखट यायला लागली, टायर आतल्या कडेने खायला लागले, म्हणून चारही जॉइंट बदलायचं ठरवलं. दुकानदाराने नामांकित कंपनीचे डबे पुढे ठेवले. ‘अण्णा, कंपनी माल हाय, डोळे झाकून घ्या.’ भाव ओरिजिनलचाच लावला. पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, बिलबुक संपलंय, संध्याकाळी पाठवतो. ते आजतागायत आलेलं नाही. पैसे मी मोबाईलवरून दिले होते, तेवढा पुरावा राहिला. गॅरेजवाल्याने गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी जुने भाग मागितले तर भंगारवाला घेऊन गेला म्हणाला. गाडीखाली वाकून पाहिलं, तर चारही जॉइंट काळेभोर, चकचकीत.

कांद्याचा हंगाम संपायच्या आत खटखट परत आली. टायरच्या दुकानात अलाइनमेंटला गाडी लावली, तर तिथला पोरगा म्हणाला, खाली प्ले आहे, म्हणजे सांधा सैल हलतोय, अलाइनमेंट करून उपयोग नाही, आधी काम करून या. मग गाडी ओळखीच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. या चाचांची निम्मी हयात गाड्यांखाली गेली आहे. त्यांनी बॅटरी मारली आणि मला खाली बोलावलं.

पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती वरच्या जॉइंटची कॉटर पिन. नटाच्या खाचेतून आडवी जाते आणि नट सुटू देत नाही, ती. पिनेवर, नटावर, आट्यांवर सलग काळा स्प्रे बसला होता. चाचांनी नखाने रंग खरवडला, तर आत गंजलेली जुनी पिन. ही पिन काढल्याशिवाय नट सुटत नाही आणि नट सुटल्याशिवाय जॉइंट निघत नाही. म्हणजे वरचे दोन्ही जॉइंट कुणी उघडलेलेच नव्हते. धुऊन रंगवले होते. पैसे मात्र चारांचे आणि मजुरीही चारांची. तुमच्या गाडीचं काम झाल्यावर बाकी काही कळलं नाही तरी ही पिन बघा. चांगला मिस्त्री काढलेली पिन परत वापरत नाही, नवीच घालतो.

खालचे दोन नवे होते, आणि खरा धोका तिथेच होता. हा जॉइंट आर्मच्या भोकात प्रेसने घट्ट दाबून बसवायचा असतो. दुकानाने दिलेला माल मापात किंचित बारीक होता, भोकात ढिला पडत होता. तो परत करायचा सोडून गॅरेजवाल्याने कडेने वेल्डिंगचे टाके मारले होते. जॉइंटच्या आत गोळा ज्या वाटीत फिरतो ती बऱ्याच जॉइंटमध्ये नायलॉनसारख्या प्लास्टिकची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती मऊ पडते, ग्रीस जळतं, जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, कडक होऊन तडकतो. माझ्या जॉइंटचे बूट फाटलेलेच होते, आत लाल माती गेलेली. शिवाय टाक्याशेजारचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं, आणि ज्या आर्मवर सगळा भार त्यालाच हा प्रकार. ‘टाका मारून देतो, हलणार नाही’ असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. भोकच सैल झालं असेल तर पूर्ण आर्म बदलावा लागतो. खूप पळालेल्या गाडीला तसाही जॉइंट आणि बुश (आर्मच्या दुसऱ्या टोकाचे रबरी सांधे) बसवलेला पूर्ण आर्म घेणं मला जास्त बरं वाटतं, कारण बुश गेलेलेच असतात आणि मजुरी एकदाच पडते. जुना जॉइंट उघडून नवी वाटी घालून देणारेही आहेत. भार घेणाऱ्या जॉइंटला ते करू नये.

रिकामे डबे मी जपून ठेवले होते. चाचांनी त्यांच्याकडचा ओरिजिनल डबा शेजारी ठेवला. माझ्या डब्यावर पार्ट नंबर स्टिकरवर होता, पण मालावर कोरलेला नव्हता. कंपनीच्या मालावर तो ठळक कोरलेला. माझ्या डब्यावर ग्राहक सेवेचा पत्ताच नव्हता. पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं 2011 च्या वैधमापन नियमांनी सक्तीचं आहे. यातलं काही गायब दिसलं की तिथेच थांबायचं. माल हातात घेऊन जॉइंटचा दांडा फिरवून बघा. नवा जॉइंट सगळीकडे सारखाच जड फिरतो. एका ठिकाणी अडकला, खरखरला किंवा सैल लोंबकळला तर नको.

गाडीवर तपासायची पद्धतही चाचांकडूनच नीट शिकलो. टॉर्शन बार खालच्या आर्मला असेल तर जॅक चॅसीला न लावता खालच्या आर्मला, जॉइंटच्या जवळ लावायचा. नाहीतर जॉइंट ताणलेला राहतो आणि प्ले लपतो. मग चाक वर-खाली धरून आत-बाहेर हलवायचं आणि टायरखाली पहार घालून उचलून बघायचं. चाक हलतंय पण दुसऱ्याने ब्रेक दाबल्यावर थांबलं, तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही हललं तर संशय बॉल जॉइंटवर. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, बघा.

बसवताना समोर उभं राहायची एकच महत्त्वाची वेळ आहे, नट आवळतानाची. खाच आणि भोक जुळलं नाही की काही जण नट थोडा सैल करून पिन घालतात. नट पुढेच आवळायचा, मागे घ्यायचा नाही. मागे घेतला की दांडा आपल्या निमुळत्या भोकात हलायला लागतो आणि भोक खातो. निप्पलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) जॉइंट असेल तर प्रत्येक सर्व्हिसला ग्रीस मारून घ्या. आमच्या धुळीत तो जास्त टिकतो, पण ग्रीस मारलं तरच.

दुकानदाराने आधी हात वर केले. ‘माल दिला तो वरिजनलच, बसवणाऱ्यानं वाट लावली.’ गॅरेजवाला म्हणाला मालच तसा होता. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि डब्यांचे फोटो कंपनीला पाठवले, तेव्हा दुकानाने मालाचे पैसे परत केले. मजुरी आणि रंगवलेल्या जॉइंटचं काय, त्यावर गॅरेज अजून गप्प आहे. मला कुणीतरी सांगितलं होतं की गाडी धंद्याची आहे, तुम्हाला ग्राहक म्हणून दाद मिळणार नाही. ते खरं नाही. स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी वापरायला घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही लागत नाही. तिथे लागणारी कागदपत्रं जमवली आहेत : पैसे दिल्याची नोंद, डबे, टाक्यांचे आणि पिनेचे फोटो, आणि चाचांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं. ज्यांना असाच माल मिळालाय त्यांनी डबे आणि काढलेले जॉइंट भंगारात देऊ नका.