आर-१८ सांगून थर्माकोल बसवला: गॅरेजच्या दरवाजाचा आमचा अनुभव

आमचं घर मिनेसोटात, सेंट पॉलच्या पूर्वेला वुडबरी गावात आहे. दोन गाड्यांचं गॅरेज घराला जोडून, आणि त्याच्या बरोबर वर पाहुण्यांची खोली. बाहेर उणे २० फॅरनहाइट झालं, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे २९, की त्या खोलीत गालिच्यावर सुद्धा अनवाणी पाय ठेववत नाही. दोन वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. एकावर एक दोन मोजे घालून झोपायची आणि सकाळी विचारायची, "अगं, या खोलीला खालून काही आहे का नाही?" पुढच्या वेळी ती येईल तेव्हा हे असं असता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमचा जुना दरवाजा नुसत्या पत्र्याचा, एका थराचा. आतून हात लावला तर बाहेरची थंडी सरळ हाताला लागायची. तेव्हा दरवाजा बदलायचा हे ठरलं. ऑनलाइन जाहिरात बघून फॉर्म भरला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा माणूस दारात हजर.

माणूस अतिशय गोड. चपला-बूट बाहेर काढून आत आला, आईच्या खोलीत जाऊन जमिनीला हात लावून पाहिला. मग बॅगेतून दरवाजाचा कापलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. दोन्ही बाजूंना पत्रा आणि मध्ये दोन इंच जाडीचा घट्ट, पिवळसर फोम. "हा पॉलियुरेथेन आहे, आर-१८," तो म्हणाला. आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, आकडा जितका मोठा तितकं चांगलं, एवढं मला माहीत होतं. १८ ऐकल्यावर मी बाकी काही विचारलंच नाही. किंमत ३,९०० डॉलर, सगळं धरून: नवा दरवाजा, नव्या स्प्रिंगा, नवे रबर, जुना दरवाजा उचलून नेणं. चेकने अर्धे आत्ता दिले तर २०० डॉलर कमी, पण ही सवलत आजच्या दिवसापुरती. मी सही केली. नवरा तेव्हा कामासाठी परगावी होता, तो फोनवर म्हणाला, "कागद नीट वाच." मी वाचला, पण कागदावर जे होतं तेवढंच वाचलं. त्यावर काय नाही, हे बघायचं मला सुचलं नाही. रंगीत माहितीपत्रक आणि तो तुकडा तो परत घेऊन गेला.

चार आठवड्यांनी दोन मुलं आली आणि तीन तासांत दरवाजा लावून गेली. बाहेरून झकास दिसत होता. आतून पांढरा, गुळगुळीत. मी उरलेला चेक दिला.

डिसेंबरात खोली पूर्वीइतकीच गार. मी गॅरेजमध्ये उभी राहून दरवाजा पहिल्यांदा नीट बघितला. एका फळीच्या कडेला आतल्या पांढऱ्या आवरणाचा कोपरा सुटला होता. तिथे नख घातलं तर एक पांढरा मणी निघाला. हलका, गोल, साबुदाण्याएवढा. बोटाला चिकटला तो झटकून जाईना. गणपतीचं मखर कापताना ज्याने लहानपणी अख्खी खोली भरायची, तोच हा थर्माकोल. मी तो मणी बोटावर तसाच घेऊन टेप आणायला आत गेले. दरवाजाची जाडी दोन इंच नव्हे, १⅜ इंच भरली. मग फ्रिजवरचं लोहचुंबक आणून आतल्या बाजूला लावलं. ते घसरून खाली पडलं. आतून पत्रा नव्हताच, प्लॅस्टिकचं आवरण होतं.

हिशोब साधा आहे आणि तो मी आधी करायला हवा होता. थर्माकोल, म्हणजे पॉलिस्टायरीन, इंचाला साधारण आर-४ देतो. पॉलियुरेथेन त्याहून बरंच जास्त. आमच्या दरवाजाची सगळी जाडी थर्माकोलच आहे असं धरलं तरी साडेपाचच्या वर आकडा जात नाही. दाखवला तो तुकडा तीन थरांचा होता. बसवला तो दोन थरांचा: बाहेर पत्रा, मध्ये थर्माकोलचे तक्ते, आत प्लॅस्टिक. असा दरवाजा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण तो बराच स्वस्त मिळतो, आणि आम्ही पैसे भरले ते दुसऱ्याच दरवाजाचे.

स्प्रिंगांचं प्रकरण मला जास्त लागलं, कारण त्यात जीवाला धोका होता. इन्सुलेशनचा दरवाजा नुसत्या पत्र्याच्या दरवाजापेक्षा जड असतो, आणि वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंगा त्या वजनाच्या मापाच्याच लागतात. बिलात 'नव्या स्प्रिंगा' लिहिलं होतं. वर पाहिलं तर जुन्याच होत्या, गंजाच्या डागांसकट. तपासायची रीत अशी: दरवाजा पूर्ण बंद असतानाच मोटरपासून दरवाजा सुटा करणारी लाल दोरी ओढायची, मग दरवाजा हँडलला धरून हाताने कमरेपर्यंत उचलायचा आणि जपून सैल सोडायचा. स्प्रिंगा बरोबर असतील तर तो तिथेच थांबतो. आमचा धाडकन खाली आला. दरवाजा उघडा असताना ती दोरी चुकूनही ओढू नका, तो अंगावर येऊ शकतो. आणि स्प्रिंगांच्या स्क्रूंना स्वतः पाना लावू नका. त्यांच्यात ताण साठवलेला असतो, हात मोडतो. आमच्याकडे शेजारची लहान मुलं सायकली घेऊन त्या दाराखालून ये-जा करायची. तो आवाज मला अजून आठवतो.

फोन केला. पहिल्यांदा "माणूस पाठवतो" म्हणाले, कोणी आलं नाही. मग फोन उचलणं बंद. बिलावरचा पत्ता शोधत गेले तर ते पार्सलचं दुकान निघालं, भाड्याने टपालपेटी घ्यायचं. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर धंद्याचं नाव फुकट शोधता येतं. बिलावरचं नाव तिथे नव्हतंच. कन्सिलिएशन कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावायचा तर कोणावर लावायचा हे आधी माहीत हवं. राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार नोंदवली आहे. पैसे काही परत आलेले नाहीत.

दोन गोष्टी मला तेव्हा कळल्या असत्या तर पैसे वाचले असते. एक, विक्रेता घरी येऊन २५ डॉलरच्या वरचा माल विकतो, अगदी तुम्ही बोलावलं म्हणून आला असला तरी, तेव्हा केंद्र सरकारच्या नियमाने तुम्हाला कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत सौदा रद्द करता येतो. शनिवार त्यात धरतात, रविवार नाही. रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती त्याने तुम्हाला द्यायच्या असतात. मला एकही मिळाली नाही. फॉर्म न देणारा माणूस तिथेच ओळखायला हवा होता. दुसरं, चेकच्या २०० डॉलरच्या सवलतीने आमचे हात बांधले. क्रेडिट कार्डावर भरले असते तर ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही म्हणून बिल आल्यापासून ६० दिवसांत बँकेकडे लेखी हरकत घेता आली असती. १९७४ पासून तसा कायदा आहे.

शेवटी गावातल्याच एका जुन्या दुकानाच्या मालकांना बोलावलं. त्यांनी दरवाजा तोलून मापाच्या स्प्रिंगा लावल्या, खालचा रबर बदलला, बाजूच्या पट्ट्या नव्याने बसवल्या. ४९० डॉलर घेतले. दिवसा गॅरेजचा दिवा बंद करून मला आत उभं केलं आणि म्हणाले, "उजेड दिसतो का बघा." दोन्ही कोपऱ्यांतून दिसत होता. जिथून उजेड येतो तिथून थंडीही येते. जाहिरातीतला आर आकडा बहुतेक वेळा फळीच्या मधल्या भागाचा असतो, असं त्यांनी सांगितलं. सांधे, कडा, रबर धरून अख्ख्या बसवलेल्या दरवाजाचा आकडा त्याहून बराच कमी येतो. म्हणजे खरोखरचा आर-१८ असता तरी या फटींतून थंडी आलीच असती.

मग त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं. आईच्या खोलीची जमीन म्हणजेच गॅरेजचं छत. त्यात इन्सुलेशन अपुरं होतं आणि कडेच्या फटी उघड्या होत्या. आधी हे करायला हवं होतं, दरवाजा नंतर. ते काम आम्ही करून घेतलं आणि त्या जानेवारीत पहिल्यांदा खोली राहण्याजोगी झाली. हा सल्ला देऊन त्या माणसाला एक दरवाजाही विकता आला नाही, तरी त्यांनी तो दिला.

दरवाजा घेताय तर मॉडेल नंबर, जाडी इंचांत, फोमचं नाव, थर किती, आतून पत्रा की प्लॅस्टिक, आणि स्प्रिंगा दरवाजाच्या वजनाप्रमाणे नव्या, हे सगळं कागदावर लिहून मागा. माल उतरला की बसवायच्या आधी फळीवरचं लेबल कागदाशी ताडून पाहा, चुंबक लावा, टेप लावा. शेवटचा हप्ता लाल दोरी ओढून तोल बघितल्यावरच द्या. इतकं विचारलं की विक्रेत्याला राग येईल असं मला वाटायचं. त्या दुकानदारांना अजिबात आला नाही, उलट ते स्वतःहून लिहीत गेले.

आमच्या ३,९०० डॉलरच्या कागदावर दरवाजाबद्दल एकच ओळ होती: "१६ बाय ७ इन्सुलेटेड स्टील दरवाजा, पांढरा, १ नग." तुमच्या कागदावर एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका.