कोथरूडची सकाळची बॅडमिंटन बॅच: लगेच गेम खेळायचा असेल तर जाऊ नका

कर्वे पुतळ्याजवळच्या गल्लीतल्या एका कोर्टवर मोठ्यांची सहाची बॅच लावलीये, नाव देत नाही कारण पुढे थोडी कुरकुर पण आहे.

सर सुरुवातीला गेम खेळूच देत नाहीत, नुसतं शॅडो फुटवर्क, म्हणजे हातात रॅकेट पण शटल नाही, सर बोटाने कोपरा दाखवणार आणि आपण तिकडे पळून परत मधे. अर्धी बॅच इथेच कंटाळून गळते. पण जे टिकतात त्यांच्या पायांना नंतर सांगावं लागत नाही, आणि डोकं समोरच्याकडे बघायला रिकामं राहतं. उगाच नाही बोलत, 2014 मध्ये जपानी संशोधकांनी ब्राझीलचा फुटबॉलपटू नेमार याच्या मेंदूचा अभ्यास छापला, पाय नुसता हलवताना त्याच्या मेंदूचा हालचालीचा भाग इतर प्रोफेशनल खेळाडूंपेक्षाही कमी काम करत होता. तेवढंच काम, कमी खर्चात!

दुसरं म्हणजे सर सारखे ओरडतात, "शटल काय बघताय, खांदा बघा!" आधी चीड यायची, पण आता समोरच्या काकूंचा ड्रॉप (नेटजवळ हळूच टाकलेला) येणार की टॉस (उंच मागे मारलेला) हे कधीकधी शटल सुटायच्या आधीच कळतं. इटलीत बास्केटबॉलवर असाच प्रयोग झालाय, 2008 चा, फ्री थ्रोचे व्हिडिओ मधेच तोडून दाखवले तर बॉल हातातून सुटायच्या आतच खेळाडूंना अंदाज यायला लागला, आणि तो कोच आणि स्पोर्ट्स पत्रकारांपेक्षा जास्त बरोबर होता. बाकावर बसून सल्ले देणाऱ्या काकांनी हे वाचावं 😄

आता कुरकुर. टूर्नामेंट असली की हॉल तिकडे देतात आणि आमची बॅच बंद, फी तीन महिन्यांची आगाऊ घेतलेली असते पण त्याचं अ‍ॅडजस्टमेंट काही नाही. पैशांचं सोडा, सराव तुटतो त्याचं काय? 2004 मध्ये जर्मनीत लोकांना तीन महिने चेंडू हवेत उडवत झेलत राहायला (जगलिंग) शिकवलं, मेंदूतला हालचाल टिपणारा भाग वाढला, सराव थांबवल्यावर पुढच्या तीन महिन्यांत बराचसा ओसरला पण. ऑफिसमध्ये विचारलं तर "बघू" म्हणतात.

मॅट चांगली, लाइट ठीक, पार्किंगची बोंब. माझ्याकडून चार स्टार. शूज नॉन-मार्किंगच (कोर्टवर डाग न पाडणारे) घ्या, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.