नाळेतल्या रक्ताची बँक: किट, कुरिअर आणि रिपोर्टची पारख

बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून साठवणाऱ्या खासगी कॉर्ड ब्लड बँकांच्या माहितीपत्रकात आजारांची लांबलचक यादी असते. पिशवीत स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, किती उतरतील, ते कशावर ठरतं आणि किती उतरले तर उपयोग, याबद्दल मात्र क्वचितच काही सापडतं. पैसे भरावेत की नाही, हे खरं तर याच आकड्यावर ठरायला हवं. म्हणून ही सेवा आम्ही त्याच बाजूने तपासली आहे.

किटबद्दल फारशी तक्रार नाही. उष्णतारोधक डबा, रक्त गोठू न देणारं सीपीडी द्रव भरलेली निर्जंतुक पिशवी, जाड सुई, आईच्या रक्तासाठी नळ्या आणि लेबलं, एवढं सगळ्यांच्या किटमध्ये असतं. पिशवीला दोन सुया असतील तर ते किट जास्त चांगलं. किट फ्रिजमध्ये ठेवू नका आणि उन्हात उभ्या गाडीतही राहू देऊ नका.

खरा निकाल लागतो तो प्रसूतीनंतरच्या पाच-दहा मिनिटांत. नाळेत दोन धमन्या आणि एक रुंद शीर असते. सुई त्या शिरेतच जायला हवी. आधी नाळ पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्झिडिनने नीट पुसायची, नाहीतर जंतू शिरतात आणि युनिट बाद होतं. पहिली टोचणी चिमट्याजवळ द्यायची. प्रवाह थांबला तर दुसरी त्याच्या वर, वारेच्या बाजूला. पिशवी वारेपेक्षा खाली धरायची आणि रक्त येत असताना सतत हलकेच झुलवायची. हे झुलवणं गडबडीत हमखास राहून जातं. मग गुठळ्या होतात, पेशी त्यांत अडकतात आणि पिशवी भरलेली दिसली तरी मोजणीत आकडा घसरतो. वार अजून गर्भाशयात असतानाच रक्त काढलं तर सहसा जास्त मिळतं, पण त्या क्षणी डॉक्टरांचं लक्ष आईकडेच असायला हवं. बँक स्वतःचा प्रशिक्षित माणूस पाठवते का, हे म्हणूनच विचारून घ्या.

नाळ लवकर कापा, असं मात्र डॉक्टरांना कधीही सांगू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी. ते रक्त बाळाला मिळतं आणि पुढे त्याच्या लोहाच्या साठ्याला उपयोगी पडतं. थांबल्याने पिशवीत कमी रक्त येणार हे उघड आहे. ते कमीच येऊ द्या. याबाबतीत दबाव आणणारी बँक आम्ही सरळ नापास करतो.

काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. बाळाचं आणि वारेचं वजन जास्त, तर पेशी जास्त. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जन्मवजनातल्या प्रत्येक 500 ग्रॅम वाढीमागे सीडी34 पेशी (स्टेम सेल ओळखण्याची खूण असलेल्या पेशी) 28 टक्क्यांनी जास्त आढळल्या, तर आईच्या आधीच्या प्रत्येक बाळंतपणामागे 17 टक्क्यांनी कमी. आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोची बाळं सर्रास असतात, म्हणजे मोठी पिशवी मिळण्याची शक्यता मुळातच कमी. दिवस जास्त भरले की एकूण पेशी वाढतात, पण त्यांतल्या सीडी34 पेशी घटतात. प्रसूतीच्या ताणानेही एकूण आकडा फुगतो, कारण त्या मोजणीत केंद्रक असलेल्या तांबड्या पेशीही धरल्या जातात. म्हणून नुसत्या एकूण आकड्यावर खूश होऊ नये.

कुरिअर हा या सेवेचा सगळ्यात कच्चा दुवा. 24 तासांत प्रयोगशाळेत पेशी वेगळ्या करण्याची प्रक्रिया सुरू झाली तर उत्तम, 48 तास ही शेवटची मर्यादा समजा. मुंबई-पुण्यातून परराज्यातल्या प्रयोगशाळेपर्यंत हे जमतं. गडचिरोली किंवा नंदुरबारहून, त्यातही मे महिन्यात, वेळ आणि तापमान दोन्ही सांभाळणं कठीण. डब्यात तापमान नोंदवणारं यंत्र आहे का ते विचारा आणि त्याची नोंद मागून घ्या.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी पाहाव्यात: एकूण केंद्रकयुक्त पेशी, सीडी34, जिवंत पेशींचं प्रमाण आणि जंतुतपासणी. प्रत्यारोपणाला रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी एकूण पेशी आणि पावणेदोन लाखांच्या आसपास सीडी34 लागतात. 20 किलोच्या मुलासाठी 50 कोटी, 60 किलोच्या माणसासाठी 150 कोटी. थॅलेसेमियासारख्या (रक्ताच्या आनुवंशिक) आजारात अपेक्षा आणखी वर, किलोमागे साडेतीन कोटींपर्यंत जाते. आकडा प्रक्रियेच्या आधीचा की नंतरचा, हे रिपोर्टवर स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. शिवाय हे सगळे आकडे गोठवण्यापूर्वीचे असतात. उणे 196 अंशांतून बाहेर काढल्यावर किती पेशी जगतात, ते तपासायला पिशवीला जोडलेले नळीचे छोटे तुकडे साठवलेले असावे लागतात. ते ठेवत नसतील तर ती बँक टाळा.

आता पैशांचं. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च ही वैद्यकीय संशोधन परिषद स्वतःच्या बाळासाठी अशी खासगी साठवण करण्याची शिफारस करत नाही, आणि कारण पक्कं आहे: थॅलेसेमिया असलेल्या बाळाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. घरात आधीच थॅलेसेमियाचं मूल असेल, तर मात्र पुढच्या निरोगी भावंडाची पिशवी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवून पाहायच्या पेशींवरच्या खुणा) जुळल्यास खरोखर उपयोगी पडू शकते. सिंधी समाजात थॅलेसेमिया जास्त आढळतो, त्यामुळे उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना हा प्रश्न चांगलाच ठाऊक आहे. अशांनी आधी रक्तविकारतज्ज्ञाला भेटावं आणि मगच बँक निवडावी. इतरांना ही सेवा घ्या, असं आम्ही म्हणणार नाही.

पॅकेजमध्ये नाळेची ऊती किंवा दातांचा गर साठवण्याचं कलम असेल तर ते काढून टाकायला सांगा. परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त नाळेतल्या रक्ताच्या साठवणुकीलाच परवानगी आहे. आणि सही करण्याआधी करारात एक ओळ लिहून घ्या: पेशी किती कोटींच्या खाली आल्या किंवा जंतू सापडले तर बँक तुम्हाला किती दिवसांत कळवेल आणि पूर्ण पैसे परत देईल.