ध्यानाच्या अ‍ॅपचा अनुभव : शेवटच्या घंटेचं वाटोळं केलं

बरेच महिने वापरून मग लिहायचं असं ठरवलं होतं. ताज्या अपडेटनंतर राहवेना, म्हणून आजच लिहायला बसले. अ‍ॅपचं नाव देत नाही. सपोर्टशी माझा वाद अजून मिटलेला नाही, आणि या जातीच्या बऱ्याच अ‍ॅपांत आता हेच चाललंय. टायमर, आवाजी ध्यानं, झोपेच्या गोष्टी, रोजची आठवण, स्ट्रीक (सलग किती दिवस बसलो त्याचा आकडा) हे सगळं वापरणाऱ्यांना माहीत असतंच. त्याबद्दल फार बोलणार नाही.

मला बोलायचंय ते शेवटच्या घंटेबद्दल.

अपडेटच्या आधी बैठक संपली की धातूच्या वाडग्यावर एकच टोल पडायचा. खऱ्या वाडग्याचं रेकॉर्डिंग होतं ते, कानाला लगेच कळायचं. हाताने घडवलेला वाडगा सगळीकडून अगदी सारखा गोल नसतो. त्यामुळे त्यातून एकमेकींच्या अगदी जवळच्या दोन कंपनसंख्या निघतात आणि आवाज सरळ विरत न जाता हळूहळू वरखाली होत विरतो. तो बराच वेळ ऐकू येत राहायचा. स्क्रीन काळीच असायची. मी डोळे मिटून त्या आवाजामागे जायची, आणि आवाज नक्की कुठे संपला आणि नुसतं ऐकणं कुठे उरलं, हे मला एकदाही पकडता आलं नाही. अख्ख्या बैठकीत मन भरकटलेलं असो, हिशेब, भांडणं, उद्याची कामं यांत गेलेलं असो, त्या शेवटच्या टोलाला ते हमखास जागेवर यायचं. मी ज्यासाठी बसत होते ते मला तिथे मिळायचं. बाकीचा वेळ त्याची तयारी होती असं म्हटलं तरी चालेल.

आता टोल पडतो आणि विरायला लागायच्या आत छाटला जातो. लगेच दुसरी बारीक टिंगटिंग. स्क्रीन झगझगीत उजळते. ‘अभिनंदन!’ त्याखाली स्ट्रीकचा आकडा, मित्रांना कळवायचं बटण, आणि पुढचा कोर्स, ज्यावर कुलूप आहे. मिटलेल्या पापण्यांतूनही तो उजेड जाणवतो.

एका घंटेवरून एवढं काय, असं वाटेल. म्हणून माझी बाजू सांगते.

ज्या धर्मात वाढले त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. भांडून बाहेर पडले नाही. देव नाही असं मी म्हणत नाही, आहे असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. घरी सगळ्याची उत्तरं आधीच ठरलेली होती, प्रश्न नंतर यायचे आणि आल्या पावली परत पाठवले जायचे. बाई म्हणून कुठे उभं राहायचं, कुठल्या दिवसांत जवळ यायचं नाही, हेही ठरलेलं. ते मला पटेना. पण प्रार्थना सोडली तेव्हा प्रार्थनेची वेळही हातातून गेली, आणि त्याची मला कल्पना नव्हती. दिवसातला तो एक तुकडा, ज्यात कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं, तोच गेला. आई एकदा म्हणाली, “मग आता तू कोणाला मानतेस गं?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मला उत्तर देता आलं नाही. त्या रिकाम्या तुकड्यात काहीतरी हवं म्हणून हे अ‍ॅप घेतलं, वर्षाची वर्गणी एकदम भरून. पैसे बघून वापरणारी मी आहे, त्यामुळे तो निर्णय माझ्यासाठी लहान नव्हता.

सुरुवात करताना अ‍ॅप विचारतं, ‘तुम्ही इथे का आलात?’ पर्याय : झोप, ताण, एकाग्रता, कामातली प्रगती. माझं कारण त्यात नव्हतं. ‘इतर’ निवडलं. त्यावर त्याने मला झोपेचा कोर्स दिला.

तरीही जे चांगलं आहे ते चांगलंच आहे. श्वासावर आणि शरीरावर लक्ष ठेवायची पहिली मालिका मला फार उपयोगी पडली. सांगणाऱ्या बाईंचा आवाज गोड करून लावलेला नाही, आणि दोन वाक्यांमध्ये त्या खरोखर थांबतात. लक्ष गेलं तर गेलं, परत आणा, एवढंच. पाप नाही, पुण्य नाही. इतकी वर्षं चुकण्याची भीती मनात धरून हात जोडले होते, त्यामुळे ‘परत आणा’ ऐकून पहिल्यांदा डोळे भरून आले. यासाठी मी त्या बाईंची कायम ऋणी राहीन.

ही पद्धत कुठून आली ते नंतर वाचलं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बौद्ध परंपरेतलं ध्यान त्यांनी धर्माचं नाव न लावता रुग्णालयात आणलं. तिथे शरीरभर लक्ष फिरवायचा सराव साधारण पाऊण तासाचा असतो. अ‍ॅपमध्ये तो दहा मिनिटांत गुंडाळलाय. दुखण्यावर उपाय म्हणून ध्यान द्यायला माझी अजिबात हरकत नाही, ज्याला वेदना आहेत त्याला आराम मिळालाच पाहिजे. पण गोष्ट तिथेच थांबावी का?

विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचं उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. १९५५ साली ते अर्धशिशीने हैराण होऊन ब्रह्मदेशातले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन संन्यासी नव्हते, संसारी माणूस, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, हे तंत्र त्याहून मोठ्या कामासाठी आहे, असं त्यांनी गोएंकांना आधी सांगितलं. अ‍ॅपने मला याच्या बरोबर उलट वागवलं. मी मोठं काहीतरी शोधत आले होते आणि मला चांगली झोप देऊ केली.

स्ट्रीकबद्दल मत मधेच बदललं, तेही सांगते. पहिले काही महिने मला ती आवडायची. आकडा वाढताना बघून बळ यायचं, आळस असला तरी बसणं व्हायचं. पुढे लक्षात आलं की मी रात्री उशिरा, पेंगत, केवळ आकडा मोडू नये म्हणून बसतेय. लहानपणी नेम चुकला तर काय होईल ही जी धास्ती होती, तीच इथे नव्या कपड्यात आली होती.

याच सुमारास सिमोन वेलबद्दल वाचनात आलं. फ्रेंच तत्त्वज्ञ, १९०९ ते १९४३, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य. ख्रिस्ताकडे ओढली गेली, पण चर्चमध्ये दाखल व्हायचं तिने नाकारलं, बाहेरच उभी राहिली. १९४१ साली ती एक प्रार्थना मूळ ग्रीकमध्ये शिकली आणि रोज सकाळी एकदा पूर्ण लक्ष देऊन म्हणायची. म्हणताना लक्ष तसूभर जरी ढळलं तरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा नीट म्हणून होईपर्यंत. किती दिवस जमलं याचा हिशेब त्यात कुठेच नाही, आजची एक प्रार्थना पुरी झाली की झालं. हे वाचून मी सेटिंगमध्ये जाऊन स्ट्रीक लपवली. अपडेटनंतर ती शेवटच्या पडद्यावर पुन्हा दिसते आणि लपवायची सोय काढून टाकलीय.

आता एका गंभीर गोष्टीकडे येते. एका रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले होते. अचानक छातीत भीती दाटली. खोली ओळखीची होती, पण परकी वाटायला लागली. आपले हात आपले वाटेनात. डोळे उघडले तर अ‍ॅप विचारत होतं, ‘आज कसं वाटलं?’ आणि खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मी रडका निवडला. त्याने पावसाच्या आवाजाचा ट्रॅक सुचवला.

असं होऊ शकतं हे अ‍ॅपने मला आधी सांगायला हवं होतं. ब्राउन विद्यापीठातले जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच विषयावर आहे. बौद्ध परंपरांमध्ये ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांशी बोलून त्यांनी ध्यानातल्या अवघड अनुभवांची नोंद केली, आणि त्यातले बरेच साधक स्वतः शिकवणारे होते. भीती, घबराट, झोप बिघडणं, जग खोटं वाटणं, हे सगळं त्यात आहे. प्रत्येकाला असं होतंच असं नाही. पण एक तास, दोन तास बसायचा पर्याय देणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘असं झालं तर थांबा, डोळे उघडा, कुणाशी तरी बोला’ एवढी एक ओळसुद्धा नसावी? हसऱ्या चेहऱ्यांना जागा आहे, याला नाही.

मी मैत्रिणीला फोन केला. ती गोएंकांचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेली. ती म्हणाली, “आधी दिवा लाव. पाय जमिनीवर घट्ट टेकव. आता समोर दिसतंय त्याची नावं घे, मी ऐकतेय.” मी नावं घेत गेले. काही वेळाने हात परत माझे झाले.

तेव्हापासून माझं या अ‍ॅपकडे बघणंच बदललं. मला कुणी मध्यस्थ नको होता, म्हणून यंत्र बरं वाटलं होतं. मध्यस्थ मला आजही नको आहे, पण शेजारी कुणीतरी हवं. ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि धर्म सोडताना मी दोघांनाही एकदम सोडलं होतं. आता आठवड्यातून एकदा आम्ही दोघी फोन चालू ठेवून गप्प बसतो. क्वेकर लोकांच्या मौनसभांबद्दल तिनेच सांगितलं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या मौनसभेत पुरोहित नसतो, सगळे शांत बसतात, कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर उभं राहून बोलतो. संपताना दोन ज्येष्ठ एकमेकांशी हस्तांदोलन करतात, तेवढीच खूण. तोही एक पंथच, त्यात मी जाणार नाही. पण मौन कसं संपवावं याचा विचार त्यांनी केलाय हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि सपोर्टचं काय झालं? पहिल्या ईमेलला उत्तर आलं, कॅशे साफ करा. दुसऱ्याला, अ‍ॅप काढून परत टाका. मी स्वच्छ लिहिलं होतं की बिघाड नाही, तुमचा बदल मला नको आहे, जुना टोल परत द्या किंवा शेवटचा पडदा बंद करायचं बटण द्या. तिसऱ्या उत्तरात कळलं की तो पडदा वापरणाऱ्यांना प्रेरणा देतो, म्हणून बंद करता येणार नाही. या पत्रव्यवहारातच वर्गणीचं आपोआप नूतनीकरण झालं. आगाऊ सूचना आली नाही, पैसे गेल्यावर पावती आली. रिफंड मागितला, धोरणात बसत नाही म्हणाले. चौथं पत्र मी पाठवलंय, उत्तर नाही.

गोएंकांच्या शिबिरांत राहण्याजेवण्याचेही पैसे घेत नाहीत, आणि एक शिबिर पूर्ण केल्याशिवाय कुणाकडून दानही स्वीकारत नाहीत. आधी अनुभव, मग द्यावंसं वाटलं तर द्या. अ‍ॅप कंपनीने तसंच चालावं असं मी म्हणत नाही. तिथे काम करणाऱ्यांना पगार लागतो, त्या आवाजाच्या बाईंनाही मिळायला हवा. पण पैसे भरलेल्या माणसाला बैठकीच्या शेवटी आणखी एक कोर्स विकायला उभं राहू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सध्या मी एक साधा मोफत टायमर वापरते, ज्यात स्वतःची ध्वनिफीत लावता येते. वाडग्याच्या टोलाचं एक लांब रेकॉर्डिंग शोधून लावलंय. असा टायमर वापरणार असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्याला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा, नाहीतर स्क्रीन बंद असताना फोन त्याला झोपवतो आणि घंटा वाजतच नाही. ‘व्यत्यय नको’ लावलं असेल तर त्यात अलार्मला परवानगी आहे ना तेही बघा.

अ‍ॅपला आधी पाच तारे दिले होते, आता दोन. दोन्ही त्या पहिल्या मालिकेचे. नवीन असाल तर तेवढ्यासाठी एक महिन्याची वर्गणी घ्या, वर्षाची घेऊ नका. मालिका संपली की स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन वर्गणी रद्द करा, नुसतं अ‍ॅप फोनवरून काढलं म्हणून ती थांबत नाही. रद्द झाल्याची ईमेल जपून ठेवा.