जुना टेबल सॉ: वजन उत्तम, फेन्स सुमार

वापरलेला टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड चिरणारे यंत्र, घेताना बहुतेक जण मोटर चालू करतात, आवाज ऐकतात आणि सौदा पक्का करतात. मीही तेच केले आणि पुढचे काही रविवार त्याची भरपाई केली. यंत्र दहा इंची पात्याचे, पट्ट्यावर चालणारे आणि बिडाच्या जाड टेबलाचे आहे. त्या वजनासाठीच मी ते घेतले, कारण लांब फळी सरकवताना हलक्या टेबलाला जी थरथर सुटते ती येथे जाणवत नाही.

गंज वरवरचा निघाला. रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने तो गेला व वर मेण घासले. (सिलिकॉन असलेले पॉलिश येथे वापरू नये, ते लाकडाला लागले की त्यावर पुढे वॉर्निश नीट बसत नाही.) शाफ्ट हाताने फिरवला तरी खरखर लागत होती, म्हणून दोन्ही बेअरिंग बदलली. पट्टा एकाच जागी ताणलेला राहून वाकडा झाला होता, तोही नवा घातला.

सर्वाधिक वेळ गेला तो पाते टेबलावरील खाचेला (जिच्यात आडव्या कापाची सरकती पट्टी बसते) समांतर करण्यात. प्लग काढून मी पात्याच्या एका दातावर खूण केली, तो दात पुढे आणून खाचेपासूनचे अंतर मोजले आणि मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजले. दात एकच ठेवला की पात्याचा स्वतःचा बाक मापात शिरत नाही. फरक 0.4 मिमी होता आणि पाते मागच्या बाजूला फेन्सकडे, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या आधारपट्टीकडे, झुकलेले होते. डोळ्यांना हे दिसत नाही, पण मागचे दात टेबलातून वर येत असल्याने ते लाकडाला चाटतात, कडा करपवतात आणि फळी कापणाऱ्याच्या अंगावर उसळू शकते.

या बनावटीत पात्याचा सांगाडा टेबलाच्या पोटाला बोल्टने टांगलेला असतो, आणि मागचे बोल्ट अशा ठिकाणी आहेत की तेथे पाना जेमतेम अर्धा वळतो. तीन बोल्ट सैल करून लाकडी हातोडीने ठोकले की सांगाडा सरकतो, मात्र आवळताना तो पुन्हा हलतो. तिसऱ्या प्रयत्नात फरक 0.05 मिमीवर आला. पाते 45 अंशांत कलवल्यावर समांतरता परत बिघडली, तेव्हा सांगाड्याच्या एका टोकाखाली पातळ पत्र्याची चकती घालावी लागली.

सागाची फळी आता करपल्याशिवाय चिरली जाते. ज्याला पाना हातात धरण्याचा कंटाळा नाही, त्याने असे यंत्र जरूर घ्यावे. मात्र पात्यामागचा स्प्लिटर (चिरलेले दोन भाग मिटून पाते आवळू नये म्हणून असलेला पत्रा) जागेवर आहे ना, हे आधी पाहावे. माझ्या यंत्रात तो नव्हता, आणि नवा बसवेपर्यंत मी लांब फळी चिरली नाही. मूळ फेन्सबद्दल चांगले लिहिण्यासारखे काही नाही. ती पुढून कुलपासारखी घट्ट बसते आणि मागे हवी तिकडे फिरते, त्यामुळे प्रत्येक कापाआधी दोन्ही टोकांना पट्टी लावून मोजणे अजून सुटलेले नाही.